दिंडीचा उंबरठा

३ नोव्हें. ५८
ह्या अरबांच्या गावातली जुनी मातीची घरं रोज पाडतायत. आणि म्हाताऱ्या शिपायांचा नवा दवाखाना मुद्दाम जुन्या घरासारखा! अंगण, कमानी, सागाचा मोठा दरवाजा. दरवाजा आमच्या ह्यांच्याकडे आलाय. रत्नागिरीला गलबतं बांधली, इथे दारं. खूश आहेत.

९ नोव्हें.
घोळ. इंजिनेर म्हणाला दरवाज्यात खोखा पाहिजे. ह्यांनी पाच दिवस खपून केला खोका. झाकणाचा! अरबीत खोखा म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, आपली दिंडी. मी म्हटलं, विचारायला तोंड नव्हतं? "अगो, खोका काय विचारायचा असतो?" तो घरी आणला. हत्यारं ठेवतात त्यात.

३० नोव्हें.
दिंडी बघून आले. काम देखणं, खोटं कशाला बोलू. पण उंबरठा वीतभर उंच.
"एका पायाची माणसं येणार. ओलांडणार कशी?"
"जुन्या घरांना असाच असतो. इंजिनेर साहेबाला तसाच हवाय."
"मग साहेबाचा एक पाय काढा नि चालवून बघा."
ह्यांचा खोकला महिनाभर चालूच आहे, औषध नको म्हणे.

११ जाने. ५९
दवाखाना सुरू झाला. मोठं दार बंदच, ये-जा दिंडीतून. आज एक कुबडीवाला म्हातारा अडखळून पडला. हात मोडला. हे जेवले नाहीत. "तू सांगितलं होतंस," म्हणाले. मी गप्प बसायचं की नाही? म्हटलं, "सांगितलंच होतं."

१४ जाने.
साहेबाला विनवून हे उंबरठा तासायला गेले. निम्मा तासला आणि रक्त ओकले. तिथूनच आत नेलं. शिपाई नसून शिपायांत खाट दिली. शेजारी तोच हात मोडलेला म्हातारा. ह्यांना खजूर भरवतो, एका हाताने.

२ फेब्रु.
जेमतेम बोलतात. आज विचारलं, "उरलेला उंबरठा?"
"तसाच आहे."
"दुसऱ्याला हात लावू देऊ नको."

५ फेब्रु.
साहेबाने दुसरा सुतार धाडला. मी उंबरठ्यावर बसले, उठलेच नाही. "बाई, बाजूला व्हा." म्हटलं, ज्याचं काम आहे तो आत झोपलाय. गेला. उद्या साहेबाला घेऊन येणार म्हणे.
पण कुबड्या अडतातच ना. दुपारभर एकेकाला हात धरून आत घेतलं. नऊ जण. मीच बोंबलत होते ह्या उंबरठ्यावरून.

६ फेब्रु.
ह्यांच्याबद्दल डॉक्टर म्हणतो बघू. बघू म्हणजे काय ते सांगत नाही.
खोक्यातला वाकस, ह्यांचं तासायचं हत्यार, काढून धार लावली. मला कुठे जमतंय, वाकडीच लागली. बघितली तर ओरडतील. ओरडू देत. आता तोच घेऊन निघते, साहेब यायच्या आत दिंडीत बसून उरलेला उंबरठा मीच तासला पाहिजे.