गाळमाणसाचा शेवट

सर, तुमच्या कॉमिकवर मी केलेला सिनेमा चार दिवसांत थिएटरांतून उतरला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचत नाही.

तिरोड्याच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात आणि मधल्या सुटीत जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते कॉमिक काढायचात. तलावात बुडालेला मजूर गाळाचं अंग घेऊन परत येतो, गावाला छळणाऱ्यांना एकेक करून संपवतो. शेवटी घरी जातो तर त्याची मुलगी त्याला ओळखत नाही, दार लावून घेते. मी सातवीत होते. चौकटींत काळा रंग भरायचं काम तुम्ही मला दिलं होतं. मी कडेला पांढरं सोडते आहे आणि तुम्ही माझ्या हातातून ब्रश काढून घेता. "काऊन भिऊन राहिली? काळं हाय तं पुरं काळं भर. लोकायले बरं वाटावं म्हून उजेड ठेवू नोको." मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. दहावीनंतर मात्र ती सगळी पानं स्वतः शिवून मला दिलीत.

मुंबईत चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांत सहायक होते. मग हा एक मिळाला. चोरखमाऱ्याच्या तलावावर शूटिंग केलं, नटाला रोज तीन तास गाळ फासला. पण सिनेमात ती मुलगी धावत येऊन बापाला मिठी मारते. सगळ्यांनी लिहिलं, दोन तास अंधार दाखवून शेवटी दिग्दर्शिका घाबरली. आता माझा फोन कुणी उचलत नाही. सकाळी उठून कुठे जायचं, हेच कळत नाही.

परवा तिरोड्याला तुमच्या घरी काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुह्या सरायले आवडला असता काय वं पिक्चर?"

"शेवट निर्मात्यानं बदलायला लावला, काकू," मी म्हणाले. मुलाखतींतही हेच सांगत आले.

"मंग तुहा काय दोष," त्या म्हणाल्या आणि मला जेवायला वाढलं. मी जेवले.

सर, निर्मात्यानं काहीच बदलायला लावलं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं होतं, "मूल कहानी में भी यही एंड है क्या?" मी हो म्हणाले.