कोड नऊ

३ फेब्रुवारी, मंगळवार

खोली मिळाली! म्हणजे मोडक्या ट्रॉल्यांची कोठडी रिकामी करून दिली. दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकी नाही. दारावर साहेबांनी स्वतः पाटी लावली — ‘मनमोकळं’. गोदामातली एकशे चाळीस माणसं रोज त्या पाटीसमोरून जेवायला जातात, आणि अशी अंग चोरून जातात की जणू आत साप सोडलाय.

अकरा वर्षं मी या लोकांची हजेरी सांभाळली. आता या खोलीत त्यांचं ऐकून घ्यायचं म्हणून मानसिक आरोग्याचा कोर्स करतेय, कंपनीच्या खर्चाने, त्यामुळे तीन वर्षं नोकरी सोडायची नाही असं लिहून दिलंय. सासूबाई म्हणाल्या, “लोकांची गाऱ्हाणी ऐकायला शिकावं लागतं? मी चाळीस वर्षं न शिकताच ऐकतेय.”

५ फेब्रुवारी, गुरुवार

कुणी का येत नाही ते कळलं. खोलीत अर्धा तास बसलं की अर्धा तास गैरहजेरी लागते! हे मलाच आधी सुचायला हवं होतं. हजेरीच्या मशीनवर बोट लावून कारणाचा आकडा दाबायचा असतो — एक म्हणजे जेवण, दोन म्हणजे दवाखाना. साहेबांना म्हटलं, खोलीसाठी वेगळा आकडा द्या, मग वेळ कापला जाणार नाही. लगेच हो म्हणाले. नऊ दिला. साध्या पंख्यासाठी मला आठ महिने अर्ज करावे लागले होते, आणि हे पाच मिनिटांत. मी खूश.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला माणूस आला. फोर्कलिफ्टवाले काका. वीस वर्षं ती गाडी चालवतात. महिन्यापूर्वी त्यांच्या गाडीवरून खोकी घसरली. खाली पॅकिंगची मुलगी उभी होती, वीतभर अंतराने वाचली. ओरखडासुद्धा नाही. सगळे विसरले, ती मुलगीही. काका नाही विसरले.

“झोपेतपण ब्रेक दाबतो, बाई. बायको म्हणते, लाथा मारता.” मला हसू आलं, मग तेही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. शिकवलंय तसं मी गप्प बसले. फार अवघड असतं ते, तोंड नुसतं शिवशिवतं.

जाताना विचारलं, “हे वर कळणार नाही ना?”

“इथलं इथेच राहतं,” म्हटलं मी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कोर्समधल्या गोपनीयतेच्या चाचणीत पंचवीसपैकी पंचवीस. काका तिसऱ्यांदा येऊन गेले. सलग चार तास झोप लागली म्हणाले. मला घरी जाईपर्यंत हलकं वाटत होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काकांना गाडीवरून काढलं. गेटपाशी पावत्यांवर शिक्के मारत बसलेत. मी समोर उभी राहिले, त्यांनी मान वर केली नाही.

साहेबांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. कोड नऊची यादी — नाव, तारीख, मिनिटं. एकच नाव, तीनदा. “तुमच्यामुळेच तर सोय झाली,” म्हणाले. “ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याच्या हातात गाडी कशी द्यायची? सांगा ना, तुम्ही शिकताय.” काकांना झोप लागायला लागली होती, हे सांगावं तर तेही काकांनी खोलीतच सांगितलेलं. तोंडाला कुलूप! परत आले.

काकांचा एक शब्द मी बाहेर बोलले नाही. गरजच पडली नाही. त्यांच्या नावाचा पुरावा ठेवायची सोय मीच मागून घेतली होती, तीही त्यांचं भलं म्हणून. करायला गेले एक आणि झालं भलतंच. लाज वाटते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हुकूम आला — दर शुक्रवारी त्या यादीवर माझी सही हवी. ‘तज्ज्ञ’ म्हणून. तज्ज्ञ!

कोर्सच्या बाईंना फोन केला. “सही करायची नाही,” म्हणाल्या. मग काय करू? “पुढच्या तासाला बोलू आपण.” त्यांचं बरं आहे. नोकरी सोडता येत नाही, लिहून दिलंय. सही केली तर काकांना तोंड कसं दाखवू? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझी बिनखिडकीची खोली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

खोलीत कुणी आलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. पुस्तकातली लक्षणं वाचत बसले. झोप नाही, जेवण जात नाही, चिडचिड, स्वतःला दोष देणं — अर्ध्यावर पुस्तक मिटलं. नवऱ्याने सकाळीच विचारलं होतं, “काय झालंय तुला?” आणि मी “काही नाही” म्हणाले. सगळे म्हणतात तसंच.

घरी निघताना काकांपाशी थांबले. “चुकलं माझं, काका.”

“तुम्ही काय केलंत?” म्हणाले, आणि पुढच्या पावतीवर शिक्का मारला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

यादी टेबलावर, वर पेन ठेवलेलं. पाचपर्यंत सही हवी.

जेवणाच्या सुट्टीत रांगेत उभी राहिले. बोट लावलं, नऊ दाबलं. मागच्याने मान लांब करून आकडा बघितला. खोलीत गेले आणि येणाऱ्याच्या खुर्चीत बसले. तिथून फक्त भिंत दिसते, हे मला माहीतच नव्हतं.

दार उघडलं. काका. “मीपण नऊच दाबलं,” म्हणाले, आणि माझ्या खुर्चीत बसले. हात मांडीवर, मी ठेवते तसे.

“इथलं इथे राहत नाही, बाई. तरी बोला.”