वाफेचं मशीन आणलं नाही

धाकट्या,

मशीन आणलं नाही. सोफ्यातल्या धुळीमुळेच बाबा खोकतात, असं धरून आपण सोफा साफ करायला ते आणणार होतो. दुकानदाराने विचारलं, डाग कसले आहेत? मी म्हटलं, चहाचे. तो म्हणाला, मग बिनधास्त न्या, फक्त रक्ताच्या डागावर वाफ मारू नका, तो कायमचा बसतो.

मी मशीन तिथेच ठेवलं. काल बाबा हटून बसले होते ना, वाफेचं नको, साधं गार पाण्याचं घ्या म्हणून? आपण त्यांना चिक्कू म्हणून हसलो.

घरी येऊन त्यांच्या जागेची गादी उलटली. डाग चहाचा नाही.

मी त्यांना काही विचारलं नाही. मशीन बघायला चला, घासाघीस तुम्हीच करा, असं सांगून डॉक्टरांकडे नेतेय. खुशीत बूट घालतायत. त्यांचा फोन आला तर मशीनचंच बोल, आणि आवाज सांभाळ. आईला इतक्यात काही कळू देऊ नकोस.

सोफ्याच्या बाकीच्या दोन गाद्या उलटायची माझी हिंमत झाली नाही. तू बघ.

ताई