टेबलावर ठेवलेली वही

६ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याबरोबर तीही.

यंदा मला आठवी ब दिलीय. एक अडचण आहे, आणि चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेली माझ्या माहितीत तू एकटीच. वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या चालण्याची सगळे नक्कल करतात, त्याला 'बाईसाहेब' म्हणतात, शेजारी कोणी बसत नाही. परवा लक्षात आलं की त्याची पाण्याची बाटली भरलेली येते आणि भरलेलीच घरी जाते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मुतारीत तिघं जण त्याची वाट अडवतात आणि घंटा होईपर्यंत सोडत नाहीत. म्हणून तो पाणीच पीत नाही.

मी त्या तिघांना भर वर्गात झापलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचं दप्तर चिखलात. मोठ्या बाई म्हणतात, त्यालाच जरा मुलांसारखं चालायला शिकवा. तूच सांग आता काय करू ते.

आशीर्वाद असू देत.
तुझी,
ठमी

१२ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट फोडलं तेव्हा वाटलं, डॉक्टरांची चिठ्ठी चुकून माझ्याकडे आली. असो, अर्थ लागला.

तुझ्या मोठ्या बाईंचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांच्यापुढे मान डोलव आणि आपलं काम कर. मधल्या सुट्टीत डबा घेऊन मुतारीच्या दाराशी उभी राहायला लाग. एक दिवस नव्हे, रोज. वास येईल, येऊ दे. त्या तिघांना वेगवेगळं बोलाव, तिघं मिळूनच ती शूर असतात. आणि त्या पोराचं नाव घेऊन वर्गात भाषण ठोकू नकोस, ते त्याच्याच अंगाशी येतं. कुणाच्या चालण्याबोलण्यावरून नाव पाडलेलं चालणार नाही, हा नियम सगळ्यांना मिळून सांग. आणि मोडला की सोडू नकोस.

एक मात्र ध्यानात ठेव. त्याच्या मनातलं काही तुला कळलं, तर आईबापांपासून लपवू नकोस. शाळा सुटली की मूल त्यांचं. मी कायम हेच करत आले.

वहिनीला गुडघ्यांसाठी चालायला सांग. तब्येतीला जप.
तुझी आत्या

२३ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा उपाय लागू पडला! आठवडाभर मी मुतारीच्या दाराशी डबा खातेय. शिक्षकखोलीत मला 'द्वारपाल' नाव पडलंय, पडू दे. तिघांपैकी एक तर एकटा गाठल्यावर रडलाच. सोमवारपासून वर्गातली एक मुलगी स्वतःहून त्या पोराच्या बाकावर जाऊन बसते, आणि बाटली अर्धी रिकामी होऊ लागलीय. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

काल तो शाळा सुटल्यावर थांबला. त्याला मुलगे आवडतात, मुली नाहीत, हे त्याने खाली बघत सांगितलं. आणि घरी कळू देऊ नका म्हणून हात जोडले.

शनिवारी, २९ला, पालकसभा आहे. तू म्हणालीस तसं मी त्याच्या आईवडिलांना सांगणार आहे. भिस्त तुझ्यावर. आई म्हणत होती, तुझ्या हातून एकदा एका मुलीची वही पालकांसमोर चुकून राहिली होती. काय ग तो प्रकार?

आशीर्वाद हवेतच.
तुझी,
ठमी

२६ जुलै

चि. ठमे,
आशीर्वाद.

सांगू नकोस. बाकीचं नंतर वाच.

ती वही चुकून राहिली नव्हती. माझ्या वर्गात दर शुक्रवारी मुली मनातलं एक पान लिहायच्या आणि ते फक्त मी वाचायचे. पालकसभेला अभ्यासाच्या वह्या टेबलावर मांडायची पद्धत होती, ही वही कपाटात राहायची. नववीतल्या एका मुलीने पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीबद्दल लिहिलं. मैत्री नव्हती ती, प्रेम होतं, आणि मला ते पहिल्या ओळीत कळलं. घरी सांगायला हवं असं वाटत होतं, पण तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून कपाटातून ती एक वही काढली आणि तिच्या इतर वह्यांच्या खाली सरकवून दिली. तिच्या वडिलांनी तिथे उभ्या उभ्या वाचली. मी फळ्याकडे तोंड करून तारीख पुसत होते.

आठवड्याने ती दाखला न्यायला आली. वडिलांच्या मागे उभी होती. दाखल्यावर मी 'वर्तणूक चांगली' लिहिलं आणि सही केली. ती पुढे शिकली की नाही, जिवंत तरी आहे का, मला माहीत नाही. सगळ्यांना सांगितलं, चुकून राहिली. तुला सल्ला देतानाही मी तेच खोटं जपत होते. मी फार वाईट वागले ग.

शेजारणीकडून फोन करवणार होते, पण तिने कारण विचारलं असतं. जलद टपालाने धाडतेय, शनिवारच्या आत पोचेल.
आत्या

२ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सभा शनिवारी झाली.

मी सांगितलं. तुझंच वाक्य घोकून गेले होते, आईबापांपासून लपवू नये. वडील पुढचं न ऐकताच उठले. आईने एवढंच विचारलं की हे आणखी कोणाला ठाऊक आहे. सोमवारी ते दाखला घेऊन गेले. मुलगा ऑफिसबाहेर उभा होता. मी जवळ गेले तेव्हा त्याने विचारलं, बाईंना सांगितलं ही आपली चूक झाली का. मी म्हणाले, तुझी नाही, माझी झाली. त्याने मान हलवली, गृहपाठ समजल्यावर हलवायचा तशी.

मला तुझा राग आला आहे, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेजारणीला दोनच शब्द सांगायचे होते, सांगू नकोस. कारण विचारलं असतं तर विचारू द्यायचं होतं. पण जीभ माझी होती. त्याने माझ्यापुढे हात जोडले आणि मी त्याचं सोडून तुझं ऐकलं.

त्याला मामाकडे पाठवलंय. त्याच्या बाकावर बसणाऱ्या मुलीकडून मी पत्ता मिळवलाय. तिथल्या शाळेत त्याचं नाव घालायला सांगणार आहे, आणि त्याची माफी मागणार आहे. दार उघडतील की तोंडावर लावतील, देव जाणे.

तू त्या वहीवाल्या मुलीच्या घरी कधीच गेली नाहीस. रविवारी माझ्याबरोबर याच्या मामाकडे चल.

तुझी,
ठमी