बटणात खोचलेला पुठ्ठा

नागाव, ६ जानेवारी २०२५

चि. प्राप्तीस, मोरूकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा, प्रणालीचा, ताप उतरला का? खानावळीतल्या मावशींचा गुडघा? इकडे तुझ्या आईची धरलेली कंबर सुटली, तुझ्या बाबाची, म्हणजे आमच्या दादाची, साखर जागेवर आहे, आणि दारातली म्हातारी मांजर माझ्यापेक्षा ठणठणीत.

फोनवर तू बरं हाय म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. रेडिओ केंद्रावर ट्रान्समीटरला हात लावायचा तर प्रमाणपत्र लागतंच, हे तूच सांगून गेलीस. मग लेखीत पहिली आणि प्रात्यक्षिकात नापास, हे कसं? वहिनी म्हणते, पोरीचे हात घाबरले असतील. मी म्हटलं, ते हात माझ्या दुरुस्तीच्या दुकानात तयार झालेत, घाबरायचे न्हाय. परीक्षक खडूस आहे का? असेल तर चार शब्द ऐकवून येतो.

तुझा काका,
मोरू

मुंबई, ११ जानेवारी

ती. मोरूकाकांना सा. न. वि. वि.

खोकला गेला, प्रणाली हिंडतेफिरते, मावशींचा गुडघा कुरकुरतोच. शहाळं सोलताना वाकडं झालेलं तुमचं बोट थंडीत दुखतंय का?

काका, सर खडूस नाहीत. सरावाचा जुना ट्रान्समीटर मुद्दाम बिघडवून ठेवला होता. त्याच्या कपाटाचं दार उघडलं की एक बटण सुटतं आणि वीज तुटते. मग अर्थिंगची काठी लावून आत उरलेली वीज जमिनीत सोडायची, नंतरच हात घालायचा. लेखीत मी हे अक्षरन् अक्षर लिहिलं होतं. पण समोर बिघाड दिसला आणि हात आपोआप चालले. बटण दाबलेलंच राहावं म्हणून प्रश्नपत्रिकेची घडी करून मी ती त्यात खोचली. दार उघडं, आणि वीज चालू! सरांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

हे कुणी शिकवलं, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, माझंच डोकं. दहा फेब्रुवारीला फेरपरीक्षा आहे, शेवटचीच. पण ही सवय कुठून आली ते खरं सांगितल्याशिवाय बसू देणार नाहीत. मी नाव घेणार नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि आईला सांगू नका.

तुमची,
प्राप्ती

नागाव, १६ जानेवारी

चि. प्राप्तीस आशीर्वाद. द्यायचा हक्क राहिला असेल तर.

पत्र वाचलं आणि दुकानाचं दार ओढून आत बसलो. गिऱ्हाईक भिकू दुरुस्तीचा मिक्सर घेऊन दोनदा हाका मारून गेला.

ते मीच शिकवलं. अँप्लिफायरचं झाकण काढलं की वीज तुटायची, मग खरखर कुठून येते ते कळणार कसं? म्हणून उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा खोचायचा. तू खोचलास की मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो, बघा आमची पोरगी किती वेळ वाचवते.

आणखी एक आहे. बोट शहाळ्याने वाकडं झालेलं न्हाय. तू दोन वर्षांची होतीस. असाच पुठ्ठा खोचून मी हात घातला आणि चिकटून राहिलो. शेजारच्या भागोजीने लाकडी स्टूल मारून सोडवलं, पण बोट भाजून आखडलं ते तसंच राहिलं. घरी लाज वाटली, म्हणून कोयत्याचं नाव पुढे केलं. पुढे तू दुकानात यायला लागलीस, तेव्हा तरी बोलायचं होतं. काकाला काही येत न्हाय असं तुला वाटेल, म्हणून गप्प राहिलो, आणि तोच पुठ्ठा तुझ्या हातात दिला. त्या दिवशी सरांनी स्विच ओढला नसता, तर हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं?

आज दुकानातले सगळे पुठ्ठे उपटले. अकरा निघाले. वहिनीला मीच सांगितलं. रोज ती स्वतः आणते तो चहा आज दादाच्या हाती पाठवला.

सरांना माझं नाव सांग. पूर्ण सांग, गावासकट. पुरावा हवा तर म्हणतील त्या दिवशी मांडव्याहून लाँच धरून येतो आणि हे बोट त्यांच्या टेबलावर ठेवतो. चार शब्द ऐकवायला नव्हे, ऐकायला. ती काठी कशी धरतात तेही जमलं तर दाखव.

माया उरली असेल तेवढी राहू दे. सर ये म्हणाले का, एवढं लगेच लिही. तोवर दुकान बंद हाय.

मोरूकाका