तुझ्या नावावरचा पेपर

प्रिय कमल,

जयभीम.

तू गेलीस त्याला या पोळ्याला दोन वर्षं होतील. तुला लिहावं असं कैकदा वाटलं, पण हात उचलला नाही. परवा कॉलेजचं पाकीट आलं. अकाउंटिंगच्या पहिल्या परीक्षेचं प्रमाणपत्र, माझ्या नावाचं. तेव्हापासून ते पिशवीतच आहे. घरी कुणाला दाखवलं नाही. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणून लिहून राहिले.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं का? आपण दोघी हिंगोलीच्या खत-बियाण्याच्या दुकानात काउंटरला बिलं फाडायचो. मी कनेरगाव नाक्याहून यायचे, तू पुसेगावहून. वर्षाचा हिशेब करायला शेठ नांदेडहून माणूस बोलवायचे. एकदा ते सहज बोलून गेले, "आपल्या दुकानातलंच कोणी शिकलेलं असतं तर आतलं हिशेबाचं टेबल त्यालाच दिलं असतं." तू तिथंच माझ्या पायावर पाय दिलास. आठवडाभरात तू कुठून तरी शोधून काढलंस की लांबच्या एका कॉलेजचा कोर्स इंटरनेटवर करता येतो. दोघींचे पैसे मिळून एकीचीच फी निघत होती. "एकीच्या नावावर भरू, दोघी शिकू. पुढच्या वर्षी तुझं नाव," तू म्हणालीस. नाव तुझं लागलं. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं का गं?

दर रविवारी बसस्टँडमागच्या नेट कॅफेत एका खुर्चीवर आपण अर्ध्या-अर्ध्या बसायचो. धडे सगळे इंग्रजीत. तू वाचून मराठीत सांगायचीस, मी वहीवर गणित मांडायचे. तुला इंग्रजी यायचं, पण आकड्यांना तू बुजायचीस. माझं नेमकं उलटं. डेबिट म्हणजे नावे आणि क्रेडिट म्हणजे जमा, एवढं कळायलाच महिना गेला. जे येईल ते नावे, जे जाईल ते जमा.

"मग घरात सून आली तर ती नावे का जमा?" तू विचारलंस.

"नावे. आली ना."

"आन तीच माहेराहून गेली, तर?"

"जमा."

"म्हंजे एकाच बाईची दोन्हीकडं नोंद," तू म्हणालीस, आणि कॅफेवाला वळून बघेपर्यंत हसत राहिलीस. दुहेरी नोंद मला त्या दिवशी कळली.

मग तुला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसत होते तरी दोन रविवार तू आलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "उन्हानं झालं." काहून लपवलंस, कमल? घसाऱ्याचा धडा तेवढा संपू दे, म्हणत राहिलीस. यंत्र वर्षावर्षाला किती झिजतं ते शिकत होतो आपण, आणि माझ्या शेजारी तू झिजून राहिली होतीस. मला दिसत होतं. मी तरी जोर करून तुला दवाखान्यात काहून नेलं नाही? नांदेडला नेलं तोवर उशीर झाला होता. मी भेटायला आले तेव्हा तू डोळे उघडून एवढंच बोललीस, "पेपर कवा हाये?" मी म्हणाले, अजून महिना आहे. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तुझ्या दिवसांचा, पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी परत दुकानात उभी राहिले. एके दिवशी तुझे मालक, उत्तमदाजी, काउंटरसमोर आले.

"शीलाताई, तिचा पेपर तुमी देऊन टाका."

"दाजी, असं कसं?"

"कॉम्प्युटरवरच तर हाये. तिकडं कोण बघून राहिलं? रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करा म्हणून सांगून राहिलेत. तिच्या नावाचा एक तरी कागद घरात ऱ्हाऊ द्या."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पेपरच्या दिवशी मी त्या खुर्चीवर एकटीच बसले. तुझा पासवर्ड मला पाठ होता. पडद्यावर तुझं नाव आलं. प्रश्नांच्या आधी एक चौकट होती. शब्द जुळवत जुळवत वाचलं : मी कमल, हा पेपर मी स्वतः सोडवत आहे. तिथं खूण केल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. माझ्याच्यानं खूण झाली नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी कॉलेजला मेल लिहिला, की ही विद्यार्थिनी वारली. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. तुझं खातं त्यांनी बंद केलं.

खोटं करायची भीती वाटली, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. कमल, मला हेवा वाटला. गणितं माझी, पेपर मी देणार, आणि कागद तुझ्या भिंतीला. गेलेल्या मैत्रिणीचा हेवा. असं मन असतं का कुणाचं? माझं होतं.

आणि दाजींना मी सांगितलं, "कॉलेजनंच बंद केलं." ते म्हणाले, "बरं." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

पुढं मी माझ्या नावानं फी भरली आणि पहिल्या धड्यापासून लागले. वाचून सांगायला कोणी नव्हतं. शब्दकोश घेऊन बसायचे, एका पानाला एक रविवार जायचा. सकाळी भाकरी, मग बस, मग दिवसभर काउंटर, आणि सुट्टीला कॅफे. अंग मोडून जायचं. पहिल्यांदा नापास झाले. ताळेबंद जुळलाच नाही, घसारा एकाच बाजूला मांडला होता. तू असतीस तर "आन दुसरी बाजू?" म्हणून विचारलं असतंस. दुसऱ्यांदा काठावर पास झाले. निकाल कळताच शेठनी आतलं टेबल दिलं. लोक म्हणतात, शीलाचं नशीब उघडलं. मला आनंद झाला का? झाला असेल. मी फार थकले आहे गं, नीट कळत नाही.

या रविवारी मी पुसेगावची गाडी धरणार आहे. तुझं खातं मीच बंद करायला लावलं, हे दाजींना सांगणार आहे. हेव्याचंही सांगणार आहे. ते विचारतील, एका खुणेनं तुमचं काय बिघडलं असतं? त्यांनी चहा दिला तर पिईन. नाही दिला तर पुढच्या गाडीनं परत येईन. पण सांगितल्याशिवाय परत येणार नाही, एवढा शब्द तुला देते.

तुझी,
शीला