आवाज न करता ठेचलेली काकडी

बा, आज मी तुझी काकडी केली. वाडीवरची बाई कोवळ्या काकड्या घेऊन दारात आली होती, अंगावरची लव अजून गेलेली नव्हती, आणि घरात जेवायला माणसंही बरीच होती. तू करायचास तशीच केली. सोलली नाही, विळीवर चिरली नाही. तुझ्या त्या चौकोनी सुऱ्याचं पातं काकडीवर आडवं ठेवलं आणि वरून मूठ हाणली. काकडी फुटली की तिच्या कडा वेड्यावाकड्या होतात आणि तिखटमीठ तिथून आत शिरतं, हे तू सांगायचास तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत असायचे. पण कानाला काही झाकण नसतं. सगळं ऐकलं गेलं आणि लक्षातही राहिलं. आज माझं वय तुझ्या शेवटच्या वयापेक्षा बरंच जास्त आहे आणि मला तुला काही सांगायचं आहे, म्हणून ताटं आवरून लिहायला बसले.

लढाई संपल्यानंतरचं वर्ष असावं. तू जहाजावरून कायमचा घरी आलास तो एक पाय ओढत. वादळात भटारखान्यातला उकळता हंडा तुझ्या पायावर पडला होता आणि तो पाय पुन्हा कधी धड झालाच नाही. डोलत्या होडीत उभं राहणं तुला जमणार नव्हतं, आणि आपल्या पाचूबंदरात जो पुरुष होडीवर जात नाही त्याला दिवसभर बसून काय करायचं हेच कळत नाही. आय पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वसईच्या बाजारात जायची ती उन्हं चढल्यावर परतायची. म्हणून तू चूल धरलीस. तुला ते काम येतच होतं, आयुष्य त्यात गेलं होतं. पण जहाजावर रांधणारा पुरुष वेगळा आणि बायको बाजारात गेल्यावर घरात रांधणारा पुरुष वेगळा, असं आमच्या आळीचं मत होतं. माझंही तेच होतं, उगाच आळीच्या नावावर कशाला ढकलू?

तुझ्या सगळ्या रांधण्यात मला सर्वांत जास्त छळायची ती काकडी. ती तू एका म्हाताऱ्या चिनी खानसाम्याच्या हाताखाली शिकला होतास. वाडीवरच्या बाया मासळीच्या बदल्यात काकड्या देऊन जायच्या, आणि तू ओसरीला लागून पाट मांडून बसायचास. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. आपली घरं कुडाची, एकाला एक चिकटलेली. तो आवाज चार घरं पलीकडे जायचा आणि पलीकडून शेजारणीचा आवाज परत यायचा, "गो, बोंबील वाळत घालाला तुझ्या बाला पाठव. का त्याचा सैपाक उरकाचा हाय?" बायका हसायच्या. तूही इकडून हसून ओरडायचास, "उरकला की येतो!" तुला ती थट्टा कधी लागलीच नाही. मी मात्र घागर उचलून विहिरीवर जायचे, पाणी हवं असो की नसो.

ठेचलेल्या काकडीला मीठ लावून तू चाळणीत ठेवायचास, एक विडी ओढून होईपर्यंत. सुटलेलं पाणी टाकून द्यायचं. मग लसूण, ताडीचा सिरका, गुळाचा खडा, आणि शेवटी तिळाच्या तेलात सुक्या मिरच्या काळपट होईस्तोवर परतून ते तेल वरून ओतायचं. चर्र झालं की सगळ्या घराला ठसका. पहिला तुकडा तू नेहमी मला द्यायचास आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचास. "वाजली का?" म्हणायचास. "वाजली नाय तं ती काकडी नाय, भाजी झाली." ती कर्रकन वाजायची, नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, आणि मला आणखी हवी असायची. मी मागायचे नाही.

मग माणिकपूरचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, घरात सगळे शिकलेले, घरावर कौलं. आम्ही मासळीवाले, त्यामुळे ते हो म्हणतील याची आयला खात्री नव्हती आणि मला तर मुळीच नव्हती. मावशीने जमवलं होतं. ती निरोप घेऊन आली, "रविवारी चर्चातली मिस्सा झाल्यावर येतील. आनि मुलाचे बापूस विचारतात, पोरीचा बा ती जहाजावरची काकडी करतो म्हनं, ती खायाला मिलंल का?" तू खुलून गेलास. मला वाटलं, झालं. माणिकपूरपर्यंत गेली आमची अब्रू. हा सरळ टोमणाच आहे अशी माझी खात्री पटली. त्या संध्याकाळी मी तुझ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बा, रविवारी तू चुलीकडं जायाचं नाय. भायेर बाकावर बसाचं. बाकीच्यांचे बाप बसतात तसं." तू माझ्याकडे बघतोयस. विडी विझलीय, तुझ्या लक्षात नाही. "बरं, बाय," म्हणतोस, "बसतो."

आणि बसलास. धुतलेला सदरा घालून, पायरीशी काठी ठेवून, अगदी मुकाट बसलास. काकडी आम्ही मायलेकींनी करायला घेतली. आता आयचा आणि माझा हात मिठात वाकबगार, पण तो मासळीच्या मिठात. काकडी ठेचली तर आवाज होईल म्हणून मी ती विळीवर चिरली, आयने मुठी भरभरून खडामीठ लावलं, आणि मासे दाबतो तशी शनिवारी रात्रीच पाटीत वर दगड ठेवून दाबून ठेवली. सकाळी दगड काढला तर खाली ओल्या चिंध्या. धुतल्या तरी खारट, पिळल्या तरी खारट. तेवढ्यात बाहेर पाहुण्यांचे आवाज आले आणि तू पाण्याचा तांब्या न्यायला आत आलास.

तू एक तुकडा तोंडात टाकलास. मला वाटलं आता ओरडशील. तू ती बशी उचलून आयच्या हातात दिलीस. "मेली ही. नेऊन पुरा." मग टोपलीतल्या उरलेल्या काकड्या घेतल्यास, पाट ओढलास, सुरा आडवा धरलास आणि मूठ वर नेलीस. मी तुझं मनगट धरलं. "बा, ठोकू नको. भायेर ऐकू जाईल."

तू तसाच राहिलास, हात वर, माझा हात तुझ्या मनगटावर. बाहेर मावशी मोठमोठ्याने हसत होती. तू सुरा बाजूला ठेवलास, अगदी हळू, पाटाला लागूनही वाजणार नाही असा. काकडी तळहाताखाली घेतलीस, दुखऱ्या पायाचा गुडघा टेकलास, आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकलास. ती आतल्या आत फुटली. मग दुसरी. मग तिसरी. चूल आणि खारं पाणी यांनी तुझ्या तळव्यांना भेगा पडलेल्या होत्या, त्यांतून मीठ गेलं, सिरका गेला, मिरची गेली. तू तसाच हाताने कालवत राहिलास. मी काय करत होते? मी दाराकडे बघत होते, कुणी आत येत नाही ना म्हणून. तेल ओतताना तर तू वरून झाकण धरलंस, चर्र दाबायला. बा, नंतर मला ह्या गोष्टीइतकी लाज कशाचीच वाटली नाही, आणि त्या वेळी तिचा मागमूस नव्हता. त्या वेळी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

पाहुण्यांनी बशी पुसून खाल्ली. मास्तरांच्या वडिलांनी तीनदा मागितली. "कुणी केली?" त्यांनी विचारलं, तर तू म्हणालास, "बायनंच." हात तू मांड्यांखाली दाबून बसला होतास. निघताना आपल्या रिवाजाप्रमाणे मुलाने वाकून तुझ्या हाताला ओठ लावले, आशीर्वाद घेतला. पुढच्या आठवड्यात होकार आला.

लग्नाला महिना झाला नसेल, मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. हे हसले. म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. हाताला ओठ लावले तर मिरचीने ओठ पोळले. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, एवढं करणारा बाप असेल तर मुलगी डोळे मिटून करावी." सासऱ्यांना खरोखरच काकडी खायची होती. टोमणा नव्हताच कुणाचा. मला लाज वाटत होती तेवढीच, बाकी कुणाला काही वाटत नव्हतं.

तू एकदाच माणिकपूरला आलास, मला द्यायला सुरा गोणपाटात गुंडाळून. "आता मी कुठं ठोकनार," म्हणालास, "तुझ्या घरी कौलं पक्की, भिती पक्क्या. ऐकू नाय जायाचं." चिडवत होतास की समजूत घालत होतास, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चहा ठेवायला आत गेले. पुढच्या पावसाळ्यात तू तापाने गेलास. नंतर मी किती वेळा काकडी केली त्याला गणती नाही. माझी नातवंडं तिच्यावर भांडतात आणि तुझंच नाव घेतात, पणजोबाची काकडी म्हणतात. आज धाकटीने पहिला तुकडा खाल्ला तेव्हा मी विचारलं, वाजली का? ती म्हणाली, वाजली.

तुला वाचता यायचं नाही. तू जहाजावर असतानाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कुणीतरी परका वाचून दाखवील म्हणून. हे तर कुठे टाकायचाच प्रश्न नाही, मिठाच्या बरणीखाली ठेवून देईन. एवढं सगळं लिहिलं, पण जे सांगायला बसले ते राहूनच जात होतं. आज मूठ हाणायच्या आधी मी उठले, बा, आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. दर वेळी लावते.